गूळ तात्यांनी खाल्ला होता

दगडू गुरव, राहणार निंबाचीवाडी, यांच्यावर अन्याय झाला. कधी झाला? गेल्या फाल्गुनातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी, भैरोबाची पहिली घंटा व्हायच्या आत. काय झाला? ज्या माणसानं चाळीस वर्षं देवाच्या अंगावरचं पाणी पुसलं, त्याला भर गावात 'देवाला फसवणारा' म्हटलं गेलं, त्याच्या हातातली घंटा काढून घेतली गेली आणि त्याला पायरीखाली उभं केलं गेलं. कुणी केला? ते पुढे येईल. आरोपीचं नाव पहिल्याच ओळीत दिलं तर लोक पुढचं वाचत नाहीत, हे, तात्या, मला तुम्हीच शिकवलंत.

आज तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. तुम्ही असता तर हा कागद नाकाशी धरून, बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत वाचला असता आणि म्हणाला असता, "आलं का पुन्यांदा? गड्या, तुज्या परतेक पत्रकात कुनावर तरी अन्याय झाल्यालाच असतोय. एकदा कुनाचं तरी बरं झाल्यालं छाप की." मग उद्गारचिन्हं मोजली असती. त्यांना तुम्ही उभ्या काठ्या म्हणायचात. "येवढ्या काठ्या कशापाय रं? देवळाला बी कळस एकच असतोय." तात्या, या कागदात एकही उभी काठी घातलेली नाही. शोधून बघा. मला फार जड गेलं.

आपली ओळख देवामुळे झाली नाही, पोलिसांमुळे झाली. बेचाळीसनंतरचे दिवस. मी घर सोडून रानोमाळ फिरत होतो आणि आमचं पत्रकं काढायचं सायक्लोस्टाईलचं यंत्र लपवायला जागा मिळत नव्हती. तुमच्या देवळात आलो तो छाती पुढे काढूनच. म्हणालो, "तात्या, आधीच सांगतो, मी देव मानत नाही."

तुम्ही वात वळत होता. मान वर न करता विचारलंत, "मशीन मानतंय का?"

"मशीनचा काय संबंध?"

"मंग मशीन आत ठेव. तू भाईर नीज."

यंत्र तुम्ही नगाऱ्यात घातलंत. एका अंगानं कातडं सोडवून आत बसवलंत आणि पुन्हा आवळलंत. मग सकाळ-संध्याकाळ आरतीला तो नगारा वाजायचा, म्हणजे वाजायचा नाही, धप्प धप्प करायचा. आबा पाटील एकदा आरती मधेच थांबवून म्हणाले, "तात्या, नगाऱ्याला काय झालंय?"

"थंडी बसलीया, आबा."

"नगाऱ्याला?"

"पूस म्हयना हाय न्हवं."

गावानं ते तीन महिने ऐकून घेतलं. माझ्या मते गावाला सगळं ठाऊक होतं. तुमच्या मते गावाला काही ठाऊक नव्हतं, पण देवानं त्यांच्या कानावर हात ठेवला होता. हा वाद आपण मिटवला नाही. तसे आपण मिटवलेले वाद मला एकही आठवत नाहीत.

आणि अंगाऱ्याच्या पुड्या. माझी पत्रकं गावोगाव पोचवायची कशी, या काळजीत मी होतो आणि तुम्ही अंगारा बांधायला कागद नाही या काळजीत. दोन्ही काळज्या तुम्ही एकाच पुडीत बांधल्यात. पाटणच्या रस्त्याला पोलिसांनी बायांच्या टोपल्या उपसल्या, पण देवाची पुडी कोण सोडतो? एका हवालदारानं तर तीच पुडी कपाळाला लावून परत दिली. त्या पुडीच्या आतल्या अंगाला मी लिहिलं होतं, 'दगडापुढे वाकू नका.' मी रागावलो तुमच्यावर. म्हणालो, "ही माझ्या विचारांची विटंबना आहे." तुम्ही म्हणालात, "तुजं इचार घराघरात गेलं, मानसांनी कपाळाला लावलं. आनि काय पायजे रं छापखान्या?"

तेव्हापासून मी छापखान्या. अजून गावात निम्मे लोक माझं खरं नाव विसरलेत.

बाहेर निजायच्या अटीवर मी तिथं दोन हिवाळे काढले. त्यात मला एक गोष्ट कळली. ती मी आजवर छापली नव्हती, कारण तुम्ही शपथ घातली होती. पण माझी शपथ चालत नाही असं आता आबांनीच ठरवलंय, ते पुढे येईल. ती गोष्ट अशी की आमच्या गावचा गुरव देवाबद्दल माझ्यापेक्षा जास्त शंका काढायचा. फरक इतकाच की मी त्या चव्हाट्यावर काढायचो आणि तुम्ही देवाच्याच तोंडावर.

बाहेरगावच्या वाचणाऱ्यासाठी सांगतो. आमच्या भैरोबाला कौल लावतात. फुलाचे दोन कळे ओले करून देवाच्या छातीवर चिकटवायचे, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवा कळा आधी पडला तर देव हो म्हणाला. डावा पडला तर नाही. पेरणी, सोयरीक, विहिरीची जागा, सगळं या दोन कळ्यांवर. तर एका दुपारी, देवळात चिटपाखरू नसताना, तुम्ही गाभाऱ्यात दोन कळे लावलेत आणि देवाला विचारलंत, "द्येवा, तू हाईस का?"

डावा पडला.

मला तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मी आनंदानं उभाच राहिलो. म्हणालो, "तात्या, संपलं. खुद्द देव म्हणतोय मी नाही. हे छापतो."

"बस खाली. मी बी आधी असाच उठलोतो. घाम फुटला. म्हनलं चाळीस वर्सं कुनाला अंघोळ घातली? मंग इचार केला. आरं, न्हाई म्हनायला तरी कुनीतरी लागतंयच की आत."

"हा काय युक्तिवाद झाला?"

"आनि खोटं बोलायचं असतं तर उजवा पाडला असता. कोन सोडतंय येवढा मान? खरं बोलनारा द्येव हाय आपला. सिदोबानं उजवाच पाडला असता."

मी दोन दिवस याच्यावर उत्तर शोधत होतो. चार वर्षं झाली, अजून शोधतोय.

सिदोबाचं नाव निघालं तर तेही होऊन जाऊ द्या. नदीपलीकडचा सिदोबा नवसाला पावतो अशी ख्याती, त्यामुळे तिथं गर्दी, तिथं चांदीचा मुखवटा, आणि तिथला गुरव कसा, तर ठेच लागली तरी हसणारा. तुमचा त्याच्यावर जीव जळायचा. मलकापूरच्या बाजाराला म्हणून निघायचात आणि वाट वाकडी करून सिदोबाच्या पारावर तासभर बसून यायचात. आलात की गाभाऱ्यात शिरून भैरोबाला ऐकवायचात. मी स्वतः बाहेरून ऐकलंय: "बघून आलो. माळ बघ त्येच्या गळ्यात, कमरंपतूर. आनि तू? तुला काय करायला येतंय? परवा त्या शेवंताच्या म्हशीचं येवढं सांगितलं, त्ये बी केलं न्हाईस." मग, "बरं, माजं चुकलं. हाल जरा, पाठ पुसायची ऱ्हायलीया."

तात्या, मी तुमच्यावर असाच जळायचो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी चावडीपुढे तासभर बोलायचो तेव्हा म्हाताऱ्या उठून जनावरं बांधायला जायच्या. तुम्ही पायरीवर बसून नुसतं "व्हय गं" म्हणालात की त्याच म्हाताऱ्या तास तास हलायच्या नाहीत. मी म्हणायचो, ही अंधश्रद्धा आहे. पण पोटातलं खरं असं की मला ती तशी म्हाताऱ्यांची रांग हवी होती.

आता त्या दिवसाकडे येतो.

लढाई संपून येसबा हवालदार घरी आला. येसबाचं घर वेशीबाहेर. त्याची आई, भागाआई, तो बर्मात असताना भैरोबाला बोलली होती की पोरगं जितं आलं तर त्याच्या हातानं गाभाऱ्यात नारळ फोडवीन. पोरगं जितं आलं. आणि गावच्या पंचांनी सांगितलं की नारळ पायरीखाली ठेवा, वर आम्ही फोडू. येसबा शांतपणे म्हणाला, "जपान्यानं गोळी झाडताना इचारलं न्हाई का वेशीच्या आतला हाईस का भाईरचा. देवाला तरी इचारू द्या." पंच एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी आबा पाटील म्हणाले, "बराबर हाय. देवालाच इचारू. कौल लावा."

मी भडकलो. ज्याचा हक्क आहे त्याच्या हक्काला कौल कशाला? तुम्हाला म्हणालो, हे मान्य करू नका. तुम्ही म्हणालात, "तुजं बराबर हाय. पर गाव तुजं ऐकत न्हाई आनि देवाचं ऐकतंय. म्हंजी निदान ऐकल्यासारकं करतंय."

आणि मग मी ते केलं.

आमच्या घरचं गुऱ्हाळ चालू होतं. आदल्या दिवशी दिवस मावळायच्या सुमाराला मी ताज्या, अजून मऊ असलेल्या गुळाचा लिंबाएवढा गोळा पानात बांधून तुमच्याकडे आणला. म्हणालो, "तात्या, डाव्या कळ्याखाली ह्यातला एवढासा लावा. डावा चिकटून बसेल, उजवा पडेल. न्याय होईल. देव असेल तर त्यालाही आवडेल, नसेल तर त्याचं काय जातं?"

तुम्ही गोळा हातात घेतलात. वास घेतलात. "गूळ चांगला उतरलाय," म्हणालात. माझ्याकडे बघितलंत, मग देवळाकडे बघितलंत. तुम्हालाही येसबा आत यायला हवा होता, मला ठाऊक होतं. भागाआईला पायरीखाली बघून तुम्ही रोज घंटा जरा जास्त जोरात वाजवायचात. गोळा तुम्ही कमरेच्या चंचीत टाकलात. हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. मी समजलो काम झालं, आणि शीळ घालत घरी गेलो.

फाल्गुनातल्या पहिल्या सोमवारी सकाळी नवाच्या सुमाराला कळे लागले. सगळं गाव देवळात. पाऊण तास गेला, कळे जागचे हलेनात. कुणीतरी खोकलं. आबा ओरडले, "खोकायचं न्हाई, वारं लागंल." मग काय, सगळ्या गावाला एकदम खोकला आठवला. माणसं तोंडात फडकी कोंबून लाल झाली. दहा वाजले, अकरा वाजले. एक म्हणाला, जेवून येऊ. दुसरा म्हणाला, तू गेलास आणि डावा पडला तर तुझ्यावर येईल. बारा वाजले तेव्हा पंचांत भांडण लागलं होतं की कळे जास्त भिजवले की कमी. मी तुमच्याकडे बघत होतो, तुम्ही पायाच्या अंगठ्याकडे बघत होता, आबा सावलीकडे बघत होते. सगळं देऊळ एकमेकांकडे बघत होतं. आणि पायरीखालून, उन्हातून, भागाआई ओरडली:

"पडला. उजवा पडला."

वळून बघतो तो उजवा कळा देवाच्या पायाशी. तीन तास देवाकडे नजर लावून एकटी तीच उभी होती. जिला आत यायची बंदी होती ती.

येसबा फौजेच्या कपड्यात आत आला आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर त्यानं टाच आपटून खाडकन सलाम ठोकला. हात जोडायचे तो विसरलाच. दुसरा पुजारी असता तर गोंधळला असता. तुम्ही म्हणालात, "घेतला सलाम देवानं. आता फोड नारळ, हवालदार." मागून भागाआई आली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं भैरोबा हातभरावरून बघितला. बराच वेळ बघितला, आणि म्हणाली, "लय बारीक हाईस की रं. लांबनं केवडा दिसायचास."

तो दिवस तिथंच संपायला हवा होता. पण मी पत्रक काढलं.

आठ दिवसांत काढलं. ठळक मथळा, 'धन्य तो गुरव.' खाली, 'दगडाच्या देवाला दगडू गुरवानं युक्तीनं जिंकलं. जनतेच्या बाजूनं कौल पाडणाऱ्या या वीराला आमचा प्रणाम.' त्यावर सात उभ्या काठ्या. शाई ओली असतानाच मी ते तुमच्याकडे आणलं, तुमचं नाव छापलंय म्हणून छाती फुगवून. तुम्ही पायरीवर बसून बोट ठेवत वाचलंत. 'प्र-णा-म' पर्यंत यायला तुम्हाला बराच वेळ लागला. मग म्हणालात, "नाव माजं हाय. मानूस कोन हाय ह्यो?"

मला वाटलं विनयानं बोलताय.

तुम्ही कागद घडी घालून मला परत दिलात. "ह्येच्यात अंगारा बांधता येनार न्हाई," एवढंच म्हणालात.

तर आरोपीचं नाव आलं. शंकर, उर्फ छापखान्या, म्हणजे हे लिहिणारा. पंच नंतर आले. पत्रक नसतं तर पंच आलेच नसते.

दुसऱ्या सोमवारी पंचांनी ते पत्रक देवळात वाचून दाखवलं. वाचताना त्यांना माझ्या भाषेचा फार उपयोग झाला. आबा म्हणाले, "तात्या, देवावर हात ठेवून सांगा, कळा तुमी पाडला न्हाई म्हनून. आमी ह्यो कागद फाडून टाकतो." साधी गोष्ट होती. सगळ्यांना वाटलं तुम्ही हात ठेवाल. तुम्ही हात पुढे केलात, बोटांकडे बघितलंत आणि हात मागे घेतलात. "शपथ खात न्हाई. मला पक्कं ठावं न्हाई."

घंटा काढून घेतली. येसबाला पुन्हा खाली उतरवलं. कौलच खोटा, मग प्रवेश कसला? आणि मी, तात्या, मी त्या दिवशी मनातून तुमचा अभिमान बाळगला. मला वाटलं, केलंय म्हणून शपथ घेत नाहीत. खोटी शपथ घेत नाहीत, केवढा प्रामाणिक लबाड माणूस. हेच शब्द मी चार जणांना बोलून दाखवले. पाचवा सापडला असता तर त्यालाही सांगितले असते.

पुढचे दोन महिने तुम्ही रोज सकाळी आंघोळ करून आलात आणि पायरीखाली भागाआईशेजारी उभे राहिलात. तुमच्या जागी पंचांनी कुणाला आणावं? सिदोबाच्या गुरवाच्या पुतण्याला. देवाला थोडी तरी दया हवी होती. तुम्ही खालून त्याचं सगळं काम बघायचात आणि जळायचात, आणि न राहवून ओरडायचात, "आरं द्येवाचा फेटा डावीकडं सरकव. लग्नातला करवला दिसतोय त्यो." तो बिचारा सरकवायचा. मी एकदा विचारलं, "तात्या, कशाला येता? ज्या देवानं तुमच्या बाजूनं एक शब्द काढला नाही त्याच्यापुढं?"

"हितनं बरा दिसतोय रं. आत असताना मला त्येचं गुडघंच दिसायचं."

"आणि शंका?"

"हाय की. ती बी येती माज्यासंगं रोज. तिला घरी ठिवून आलो तर सगुना वैतागती."

वैशाखात ताप आला तो तीन दिवसांत तुम्हाला घेऊन गेला. मी कऱ्हाडला होतो, सभेत. येईपर्यंत सगळं उरकलं होतं.

तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी, सगुणाकाकूंकडे गेलो. काय बोलावं कळेना, तेव्हा मी पत्रकातलंच बोललो. म्हणालो, "काकू, तात्यांनी त्या दिवशी युक्ती केली नसती तर..."

काकू निवडत होत्या तांदूळ. सूप खाली ठेवलं. "कसली युक्ती?"

"गुळाची."

"कंचा गूळ? त्यो पानातला? आरं, त्यो त्यांनी खाल्ला."

"कधी?"

"माज्याम्होरं खाल्ला. सकाळी कळं लावायला निगालं, दारातनं माघारी आलं. म्हनलं, सगुना, चंची लय जड लागतीया. म्या म्हनलं, मग काडून ठेवा. त्ये म्हनलं, ठेवला तर परत घ्याला येईन. मोह खिशात ठिवू न्हाई, पोटात टाकावा. आनि उभ्या उभ्या सगळा गोळा खाल्ला. येवडा गूळ. वर पानी प्यालं. मंग बोटं धुतली. उंबऱ्यापतूर गेलं, परत आलं, परत धुतली. तीनदा धुतली."

"मग शपथ का घेतली नाही?"

"त्येच तर. म्हनायचं, बोटाला कुटं कन ऱ्हायला असंल तर? नखात असंल तर? मला पक्कं ठावं न्हाई, आनि द्येवाला पक्कं सांगू कसं?"

तात्या, मी तिथंच, सुतकाच्या घरात, तुमच्याशी भांडलो. मोठ्यानं भांडलो. म्हणालो, अहो, बोटं तीच, कळे दोन्ही त्याच बोटांनी लावले, कण राहिला असेल तर दोन्हीकडे सारखाच चिकटला असेल, साधा हिशोब आहे. काकू म्हणाल्या, "म्या बी त्येच सांगितलं. तर म्हनं, उजवा आधी लावला का डावा, त्ये आठवना." आणि त्या हसायला लागल्या. मग मीही. मग आम्ही दोघंही हसत नव्हतो.

"मला का सांगितलं नाही त्यांनी?"

"तुज्या गुळाचं गावाला कळलं असतं तर तुला वेशीभाईर काडलं असतं पंचांनी. आनि दुसरं म्हनलं, छापखान्याला सांगू नगंस. त्यो लगीच छापतोय."

छापतोय, तात्या. तुमचं ऐकायची मला सवयच नाही.

तुमच्या हातात फसवायला गूळ होता, कारण चांगलं होतं, बघणारं कुणी नव्हतं, आणि देव आहे की नाही याची तुम्हाला खात्री नव्हती. मला देव नाही याची पक्की खात्री होती आणि मी घसरलो. तुम्ही त्याच्याशी भांडत, त्याला नावं ठेवत, शेजारच्या देवावर जळत, त्याला लागून उभे राहिलात. एवढं मला तुम्ही असताना म्हणता आलं असतं. मी त्याऐवजी प्रणाम छापला.

परवा सकाळी देवळापाशी गेलो. देव मानायला नव्हे, ते आधीच सांगतो. पायरीखाली उभा राहिलो. भागाआई तिथंच होती, येसबा तिच्या मागे. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "सरक. तात्यांची जागा हाय ती." मी हातभर सरकलो. तिथूनही देव दिसतो तसा. फेटा अजून करवल्यासारखाच आहे.

तिथूनच आबा पाटलांकडे गेलो आणि सगळं सांगितलं: गूळ माझा, कुबुद्धी माझी, पत्रक माझं, तात्यांनी काही केलं नाही. म्हणालो, देवावर हात ठेवून सांगतो.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "तू द्येव मानतोस का?"

"नाही."

"मंग तुजी शपथ कशी धरायची रं?"

आयुष्यात पहिल्यांदा मला देव नसल्याची अडचण झाली.

आबा वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "तुजं एकट्याचं चालनार न्हाई. त्या दिवशी जी मानसं देवळात हुती, त्यांनी म्हनायला पायजे. गाव म्हनलं तर घंटा सगुनाच्या घरी परत जाईल आनि येसबाचा कौल खरा धरू." मी विचारलं, लिहून देता? म्हणाले, "तू लिव्ह. तुला हौस हाय."

लिहिलं.

वाचणाऱ्या माणसा, हा कागद तुझ्या घरी अंगाऱ्याची पुडी होऊन आलाय. सगुणाकाकूंनी बांधलीय, ह्या कागदात बांधता येतो असं त्या म्हणाल्या. आधी अंगारा कपाळाला लाव, मानत असशील तर. नसशील तर माझ्यासारखा हातात धर. त्या दिवशी तू देवळात होतास. तोंडात फडकं कोंबून तीन तास खोकला दाबला होतास, तुला आठवतंय. तात्यांची बोटं तू बघितली होतीस. मग माझं पत्रक आलं आणि तू डोळ्यांपेक्षा कागदावर विश्वास ठेवलास. ते पत्रक घरात असेल तर शोधून काढ. येत्या सोमवारी, सकाळी नवाच्या आत, ते घेऊन देवळाच्या पायरीवर ये, येसबाला आणि भागाआईला मध्ये घेऊन उभा राहा, खोकला आला तर खोक, आणि आबा पाटलांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हण: कळा दगडू गुरवानं लावला, पाडला नाही.